जादाचा ब्रेक

रस्ता मोकळा होता. हे परीक्षकाने नंतर मान्य केलं, मागून येऊन जेमतेम थांबलेल्या सायकलवाल्याने चार शेलके शब्द घालून मान्य केलं, आणि ब्रेक मारला त्या क्षणी गाडी शिकवणाऱ्या खुद्द मास्तरांनाही तो मोकळाच दिसत होता. सकाळचे साडेदहा वाजलेले, एका बाजूला बंद छापखान्याची लांबलचक भिंत, पुढचा सिग्नल हिरवा. नर्सबाई तिसऱ्यांदा लायसन्सची परीक्षा देत होत्या आणि पहिल्यांदाच सुरेख चालवत होत्या. गिअर बदलला तरी शेजारच्याला कळू नये इतकं अलगद. भिंत संपता संपता मास्तरांच्या पायाने जादाचा ब्रेक दाबला. गाडी शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे असा एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं काही चुकायला लागलं तर शिकवणाऱ्याने दाबायचा. परीक्षेत मात्र त्याला शेजारच्याचा पाय लागला की शिकणारा नापास, कारण कोणी विचारत नाही. गाडी गचकन थांबली. मागच्या सीटवर परीक्षकाच्या पेनाने कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली आणि निकाल तिथेच लागला. नर्सबाई रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला, अगदी शिकवल्याबरहुकूम, आणि वळून मास्तरांचं मनगट हातात घेतलं. घड्याळाकडे बघत त्या ओठांतल्या ओठांत मोजू लागल्या. तीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थिनीने हात धरण्याची ही पहिलीच वेळ. मास्तर कानापर्यंत लाल झाले. “एकशे अठरा,” बाई म्हणाल्या. “सर, पुढे कोणीच नव्हतं. तुम्ही कुणासाठी थांबवलीत?”

काय झालं, असं विचारलं असतं तर चक्कर आली म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण असा प्रश्न आला की माणूस खरंच आठवायला लागतो. मास्तर दिवसभर आठवत राहिले. पुढच्या तीन शिकवण्या झाल्या, एका कॉलेजकुमाराने गाडी फुटपाथला घासली, एका आजीबाईंनी इंडिकेटर समजून वायपर सुरू केला, आणि मास्तर सगळ्यांना “छान, छान” म्हणत राहिले, तेव्हाच ऑफिसातल्या मंडळींनी ओळखलं की यांचं काहीतरी बिनसलंय. खरं तर पाय काही आजच बिघडला नव्हता. बसमध्ये तो दाबला जाई. सिनेमात कोणी जिना चढू लागलं की दाबला जाई. बायकोने सुरी हातात घेतली, दुधाला उकळी आली, मुलाचा फोन नेहमीच्या वाराऐवजी भलत्याच वारी आला, की टेबलाखाली पाय खाली जायचा. घरातली जेवणाच्या टेबलाखालची एक फरशी त्यापायी गुळगुळीत झाली होती आणि बायको पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवायची. “आमच्या घराला अपघात म्हणून व्हायचा नाही,” असं म्हणायची. पाहुणे हसायचे, मास्तरही हसायचे. पण त्या हसण्यात बायकोचे डोळे हसत नसायचे, हे मास्तरांना दिसत नव्हतं असं नाही. हजारो अनोळखी माणसांना त्यांनी गाडी शिकवली, घरच्या दोघांना नाही. मुलगा अठराचा झाल्यावर गुपचूप मित्राच्या गाडीवर शिकून आला. आणि बायकोला चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी चार दिवस शिकवलं होतं. चौथ्या दिवशी भर चौकात तिने गाडी बंद केली, किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली, पर्स घेतली आणि दार लावून चालत घरी निघून गेली. मागे भोंग्यांचा नुसता गदारोळ. चार दिवसांत तिने एकदाही स्वतः गाडी थांबवली नव्हती. प्रत्येक वेळी तिच्याआधी मास्तरांच्या पायाने ती थांबवलेली असायची. तेव्हापासून स्वतःच्या गाडीत मास्तर चालवणार आणि बायको शेजारी बसणार, हा घरातला अलिखित कायदा झाला, आणि कायदा पाळताना ती हळूहळू खिडकीबाहेर बघायला लागली. त्या दिवशी परीक्षकाच्या कागदावरची ती रेघ बघताना मास्तरांना भीती वाटली ती नोकरीची नव्हती. असंच चाललं तर एक दिवस आपल्या शेजारी कोणीच बसलेलं नसेल, ही ती भीती होती, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नाही.

नर्सबाईंनी जाताना एका चिठ्ठीवर एका समुपदेशक बाईंचं नाव, नंबर आणि पत्ता लिहून दिला होता. आमच्या हॉस्पिटलात यायच्या त्या, आता स्वतःचं थाटलंय, माणसाशी बोलतात, एवढंच म्हणाल्या होत्या. चिठ्ठी अकरा दिवस गाडीच्या खणात राहिली. मास्तरांच्या मते अशा ठिकाणी डोकं फिरलेल्यांनी जायचं असतं, आणि आपलं डोकं ठिकाणावर आहे, फिरलाय तो पाय. बाराव्या दिवशी त्यांनी बायकोला दाताचं कारण सांगितलं आणि गेले. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर तिसरा मजला, एक खोली, दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये बुटकं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा डबा. बाई पस्तिशीच्या असतील. सर्दीने नाक लाल झालेलं, हातात कोमट पाण्याची बाटली. “मी डॉक्टर नाही हं,” त्यांनी आधीच सांगितलं, आणि मास्तर “बरं, डॉक्टर” म्हणाले ते कायमचेच. पहिला तास जवळजवळ गप्पच गेला. बाई विचारत होत्या आणि मास्तर त्या रुमालांच्या डब्याला उत्तरं देत होते. समोर माणूस बसलाय आणि तो आपल्याकडेच बघतोय, या गोष्टीने त्यांना घाम फुटला. तीस वर्षं त्यांचं सगळं बोलणं समोरच्या काचेकडे बघत झालं होतं. शेजारी बसलेलं माणूस काय काय बोलतं! क्लच सोडता सोडता एकीने घटस्फोट घेणार असल्याचं सांगितलं होतं, रिव्हर्स घेता घेता एका बँकेतल्या साहेबाने आपल्याला कवी व्हायचं होतं हे सांगितलं होतं. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे आणि “आरसा बघा” म्हणायचे. पण त्यांना स्वतःला कोणाच्या डोळ्यात बघून बोलायचं वळणच पडलं नव्हतं. पन्नास मिनिटं संपल्यावर ते उठले आणि खिडकीशी गेले तेव्हा खालचा चौक दिसला, आणि नकळत म्हणून गेले, “त्या निळ्या गाडीवाल्याने लेन चुकवली.” बाईंनी तेवढंच धरलं. पुढच्या वेळी दोन्ही खुर्च्या खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

मग मात्र ते बोलू लागले. चौकातल्या रहदारीच्या चुका काढत काढत मध्येच घरचं, मध्येच नोकरीचं. बाई फारसं बोलत नसत. “हं” म्हणायच्या, आणि त्या “हं”चे चारपाच प्रकार असावेत असं मास्तरांना वाटू लागलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “आत्ता पाय दाबलात.” मास्तरांनी खाली पाहिलं. चटईवर पंजा रुतलेला. “काय म्हणत होतो मी?” त्यांनी विचारलं. “बायको म्हणाली, मी काय म्हणते,” बाई म्हणाल्या, “एवढंच. तिथे थांबवलंत.” आणि मास्तरांना आठवेना की बायको त्यापुढे काय म्हणाली होती. कारण त्यापुढे तिला म्हणू दिलंच नव्हतं. “मी काय म्हणते” ऐकलं की त्यांचं “हो हो, कळलं” तयार असे. काय कळलं ते तिने कधी विचारलं नाही. बाईंनी एक काम दिलं: पाय दाबला गेला की वहीत लिहायचं, थांबवायचं नाही, नुसतं लिहायचं. मास्तरांनी शाळकरी पोरासारखी रेघा मारून वही केली. पहिल्याच दिवशी सदतीस वेळा, त्यातल्या गाडीत फक्त नऊ. बाकीच्या अठ्ठावीस वेळा आपण कुठली गाडी थांबवत होतो, या विचाराने ते रस्त्यातच खुदकन हसले, आणि एका बाईने मुलाला जवळ ओढून घेतलं. तीच वही त्यांनी बायकोला दाखवली, कारण दाताचं सोंग फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. “दात दाखवून आलेलं माणूस गाणं गुणगुणत येत नाही.” आपण गुणगुणत होतो ही मास्तरांना बातमी होती. तिने वही वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. एका जागी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: संध्याकाळी सहा, ती काहीतरी सांगणार होती. “काय सांगणार होते बरं मी,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि आठवत बसली, आणि त्या संध्याकाळी मास्तरांनी पहिल्यांदा तिला आठवू दिलं.

सहाव्या का सातव्या भेटीत सायकल आली. ती कुठून आली हे मास्तरांना कधीच नीट सांगता आलं नाही. चौकात एक बाप मुलीच्या सायकलचा कॅरिअर धरून पळत होता, एवढंच. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते, नऊ वर्षांचे होते, आणि धाकटी बहीण सहाची. वडील कामावर जाताना म्हणाले होते, “धरून ठेव तिला. सोडलंस तर याद राख.” पाण्याच्या टाकीचा उतार होता. दुपारचं ऊन, सायकलच्या साखळीचा वास, कॅरिअरच्या तापलेल्या पट्टीने बोटांवर उठलेले वळ. धाकटी ओरडत होती, “सोड दादा, सोड ना!” आणि दादाने सोडलं. पुढे पंपाच्या खोलीची भिंत होती. गळपट्टीचं हाड मोडलं, दोन दात पडले, फ्रॉकवर रक्त. वडील त्यावर एक शब्द बोलले नाहीत. वाकडं झालेलं चाक तसंच ठेवून त्यांनी सायकल व्हरांड्यातल्या खुंटीला टांगली, आणि ती पुढे दहा वर्षं तिथेच होती. शाळेतून यायचं आणि तिच्याखालून घरात जायचं. हे सगळं मास्तरांनी चौकाकडे बघत एका सुरात सांगितलं, एखाद्या अपघाताचा पंचनामा वाचावा तसं. बाईंनी विचारलं, “तो नऊ वर्षांचा मुलगा आत्ता तुमच्या शेजारी येऊन बसला, तर त्याला काय सांगाल?” “सीटबेल्ट लाव म्हणेन,” मास्तर म्हणाले. स्वतःच्याच विनोदावर हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. त्यांनी रुमालांच्या डब्याकडे हात केला. इतके दिवस त्या डब्याचा त्यांना राग होता, आता एकामागून एक सात रुमाल संपले. जाताना त्यांना फार हलकं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी फार संताप आला. आपलं बरं चाललेलं आयुष्य उकरून ठेवलं या बाईने! पुढच्या आठवड्यात ते गेलेच नाहीत, आणि वहीत त्या आठवड्यात रोजचा आकडा पन्नाशीच्या वर गेला.

त्याच सुमाराला नर्सबाईंची चौथी परीक्षा आली. मास्तरांनी त्यांना हात जोडून सांगितलं, दुसरा कोणी घ्या, पोरं चांगली आहेत आमच्याकडे. नर्सबाईंनी ऐकलं नाही. “मी रुग्ण बदलत नाही सर,” त्या म्हणाल्या, आणि हे उत्तर मास्तरांना कळलं नाही तरी पटलं. परीक्षेच्या दिवशी त्यांनी एक शक्कल लढवली. बूट काढले, आणि शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसले. वर सीटबेल्ट. परीक्षक मागून वाकून बघत म्हणाला, “साहेब, ध्यानाला बसलात काय?” “गुडघा धरलाय,” मास्तर म्हणाले. गाडी निघाली. छापखान्याच्या भिंतीपाशी मांडीखाली पाय असा तडफडला की मास्तरांच्या पोटरीत गोळा आला, डोळ्यांतून पाणी आलं, पण मांडी मोडली नाही. नर्सबाई पास झाल्या. त्यांनी गाडीतून उतरून रस्त्यात गिरकी घेतली, परीक्षकाचा हात हलवून हलवून दुखवला, आणि मास्तरांची नाडी बघून म्हणाल्या, “ब्याण्णव. प्रगती आहे.” मास्तर एका पायावर लंगडत, बूट हातात घेऊन हसत होते, लहान मुलाला परीक्षेत पहिला नंबर मिळावा तसा त्यांना आनंद झाला होता. तो आनंद घेऊनच ते आठवड्याची सुट्टी मोडून तिसऱ्या मजल्यावर गेले आणि मांडीची हकिगत रंगवून रंगवून सांगितली. बाई पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, “पण मास्तर, मांडी घालणं म्हणजे पाय बांधून ठेवणं झालं. तोही ब्रेकच की.” मास्तरांचं तोंड उतरलं. जिंकून आलेल्या माणसाला असं बोलायचं? पण घरी जाताना जिन्यावर त्यांना वाटलं, खरं आहे. मांडी घालून बायकोच्या शेजारी किती वर्षं बसता येईल?

धाकटी दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते. तिला विचारून बघा, असं बाईंनी म्हटलेलं नव्हतं. बाई असलं काही सांगत नसत. मास्तरांनीच एका शनिवारी दुपारी फोन केला. “दादा? बरा आहेस ना? वहिनी बरी आहे ना?” तिने एका दमात विचारलं, कारण दादाचा फोन म्हणजे काहीतरी वाईट, हा तिचाही अनुभव. मास्तरांनी दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा केल्या आणि मग विहिरीत उडी टाकावी तसं म्हणाले, “तुला ती सायकल आठवते? टाकीच्या उतारावरची?” आणि पलीकडे ती जी हसत सुटली. “न आठवायला काय झालं! अरे, दर वर्षी वर्गात सांगते मी. वेग शिकवायला घेतला की आधी ती गोष्ट.” “दात पडले तुझे.” “दुधाचेच होते दोन्ही. त्याच्या आधीचं बोल ना! तू सोडलंस आणि मी एकटी चालवत गेले. पार आंब्यापासून ते पंपापर्यंत. एकटी, दादा! वारा असा कानात भरला होता. मी तुला वळून ओरडून सांगत होते की बघ, बघ, म्हणून तर भिंत दिसली नाही.” मास्तर खुर्ची ओढून बसले. “मला वाटलं तू घाबरून ओरडतेयस,” ते म्हणाले. “घाबरून? तेवढं सुख मला पुढे लग्नातसुद्धा झालं नाही, यांना सांगू नकोस. मला राग आला होता तो बाबांचा. सायकल टांगून ठेवली म्हणून. आणि तुझाही. तू पुन्हा कधी धरलीच नाहीस.” फोन ठेवल्यावर मास्तर टेबलापाशी बसून राहिले. पंचेचाळीस वर्षं त्यांच्याजवळ नुसती भिंत होती. भिंतीआधीचा सगळा उतार, ते ऊन, तो वारा धाकटीकडे राहिला होता, आणि तिने तो जपून वापरला होता, वर्गावर्गांतून वाटला होता. त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या पोटात इतकं वाईटही वाटलं की त्यांनी उठून उगाचच सगळ्या घरातल्या खिडक्या उघडल्या. पुढच्या भेटीत हे सांगताना त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि वळवून बाईंच्या समोर ठेवली. ऐकताना बाईंचा चेहरा कसा होतो ते त्यांना बघायचं होतं. बाई हसल्या, आणि मग त्यांचेही डोळे भरले, आणि मास्तरांनी अदबीने रुमालांचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

आता सगळं ठीक झालं असं कोणाला वाटेल तर ते मास्तरांनाही वाटलं होतं. एका रविवारी बायकोने जेवताना ताटाशेजारी एक कार्ड ठेवलं. तिचा फोटो, तिचं नाव, खाली शिक्का. तिने लायसन्स काढलं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या गाडी शिकवायच्या शाळेत, ज्याला मास्तर “तो पोरगा” म्हणायचे त्याच्याकडे दोन महिने पहाटे शिकून, पहिल्याच फटक्यात. मास्तरांच्या तोंडचा घास तोंडात राहिला. “मी काय म्हणते,” ती म्हणाली. मास्तरांच्या जिभेवर “हो हो” आलं आणि त्यांनी ते गिळलं. पाय मात्र खाली गेला. ती थांबली. त्याच्याकडे, म्हणजे पायाकडे, तिने टेबलाखाली वाकून पाहिलं, आणि पुढे बोलली. “पुढच्या रविवारी मला मैत्रिणीकडे जायचंय, तिने नवीन घर घेतलंय तिथे. सव्वाशे किलोमीटर. मी चालवणार. तुम्ही शेजारी बसून यावं असं मला फार वाटतं. फार म्हणजे फार. पण तुम्हाला जमणार नसेल तर मी एकटी जाईन, आणि रागावून नाही हो जाणार, खरंच. फक्त मग मी एकटी जायला शिकेन.” एवढं बोलून तिने भांडी उचलली. तिचा आवाज शेवटी शेवटी कापत होता. मास्तरांनी तो आवाज चौथ्या दिवशीच्या चौकात ऐकला असता तर! पण तेव्हा ते गाडीच्या किल्लीकडे बघत होते. आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. आपल्या गाडीत जादाचा ब्रेक नाही, हा एकच विचार. बाईंना त्यांनी विचारलं, “आणि माझा पाय ऐकला नाही तर?” बाई म्हणाल्या, “तर दाबला जाईल. चटई दबेल.” “एवढंच?” “गाडी तर त्या चालवणार आहेत ना?” मास्तर हे वाक्य रविवारपर्यंत जपमाळेसारखं घोळवत राहिले.

रविवारी सकाळी आठला ते शेजारच्या सीटवर बसले. बूट घालून, दोन्ही पाय खाली, हात मांडीवर. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते इतके ताठ नव्हते. बायकोने आरसा बघितला, पट्टा लावला, आणि गाडी काढली. पहिल्याच वळणावर चटई दबली. दुसऱ्या सिग्नलला दबली. “तीन झाले,” ती समोर बघत म्हणाली. “दोन,” मास्तर म्हणाले. “एकदा खाज आली होती.” ती इतकी हसली की गाडी बंद पडली, मागून भोंगे वाजले, आणि मास्तरांच्या अंगात चौथ्या दिवसाची सगळी आठवण सरसरून आली. ती पर्स उचलेल असं वाटलं. तिने किल्ली फिरवली, मागच्याला हात दाखवला आणि निघाली. शहर मागे पडलं. मोठ्या रस्त्यावर पुढे सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक. ती त्याच्या मागे राहिली, एकदा बाहेर डोकावली, पुन्हा मागे आली. मास्तरांच्या पायात गोळा जमला. सांगावं का, आत्ता नको, आत्ता जा? काही न सांगता बसणं म्हणजे दोरीवरून चालणं होतं. तेवढ्यात तिने इंडिकेटर दिला, गिअर खाली घेतला आणि ट्रकच्या बाजूने गाडी अशी काढली, एका दमात, की ट्रकवाल्यानेही हात केला. मास्तरांच्या तोंडून “वा!” निघून गेलं. तीस वर्षांत ते हजार वेळा “छान” म्हणाले असतील, पण “वा” हा शब्द त्यांचा नव्हता. बायको लाजली. चक्क लाजली, पन्नाशी उलटल्यावर, स्टिअरिंगवर.

आणि मग मास्तरांनी बाजूच्या खिडकीतून बाहेर बघितलं. मुद्दाम नाही, मान वळली. तीस वर्षं रस्ता म्हणजे समोरचा; त्याला बाजूही असते हे त्यांना जणू कोणी सांगितलंच नव्हतं. एक माणूस फाटकाला रंग देत होता आणि त्याच्या डोक्यावरही थोडा लागला होता. एका कुंपणावर धुतलेली शाळेची दप्तरं उलटी वाळत होती, पाच की सहा. एक कुत्रं झाडाखाली झोपून शेपटीने माश्या हाकत होतं, ते गाडी मागे पडेपर्यंत दिसत राहिलं. काच थोडी खाली होती. वारा कानात भरत होता. “मी काय म्हणते,” बायको म्हणाली, आणि मास्तर म्हणाले, “म्हण.” ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते, वीस वर्षं, तिथल्या किती गोष्टी तिच्याकडे पडून असतील याचा मास्तरांनी कधी विचारच केला नव्हता. ती सांगू लागली. परवा एक आजोबा आले. महिन्यापूर्वी नवा चष्मा करून नेलेला. म्हणाले, हा परत घ्या, जुना द्या. का हो, नीट दिसत नाही का? दिसतं, म्हणाले, फारच नीट दिसतं, मी घरात सांडलेलं बायको काय काय हळूच पुसून घेते ते सगळं दिसायला लागलंय, आता मला बसवत नाही… ती सांगत होती, मध्ये मध्ये गिअर बदलत होती, आजोबांचा आवाज काढत होती. ऊन मांडीवर आलं होतं. तिचा आवाज आणि इंजिनाचा आवाज एकाच पट्टीत लागले होते, आणि मास्तर ऐकत होते, ऐकत होते.

“मग नेला का त्यांनी तो चष्मा?” मास्तरांनी विचारलं. उत्तर आलं नाही. इंजिनाचा आवाजही नव्हता. गाडी एका झाडाखाली उभी होती, समोर नव्या रंगाचं लहानसं घर, ऊन पार दुसऱ्या बाजूला गेलेलं. मानेखाली बायकोची शाल घडी करून ठेवलेली होती. ती स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत बसली होती.

“आपण पोचलो?” मास्तर म्हणाले.

“पाऊण तास झाला.”

“पाऊण तास? मग उठवायचंस की गं!”

“मैत्रीण दोनदा येऊन गेली बोलवायला. चहा दोनदा गार झाला. मीच म्हटलं, राहू दे.” तिने त्यांच्या मानेखालची शाल काढून घेतली. “साठ किलोमीटर झोपलात तुम्ही. माझ्या गाडीत. मी रेडिओ बंद केला, काच वर घेतली, एक खड्डा म्हणून लागू दिला नाही. चोवीस वर्षांत तुम्ही माझ्या शेजारी इतके निवांत कधी बसला नव्हता हो.” आणि हसता हसता तिला रडू आलं. मास्तरांनी तिचा हात हातात घेतला. इतका वेळ स्टिअरिंग धरून तो गरम झाला होता. इतका आनंद त्यांना पूर्वी कधी झाला होता ते त्यांनी आठवून पाहिलं, आणि मग आठवायचं सोडून दिलं. थोड्या वेळाने दोघं उतरली. गाडी चांगलीच तिरकी लागली होती, मागचं एक चाक फुलझाडांच्या विटांवर चढलं होतं.

“काय बघताय?” तिने विचारलं.

“काही नाही,” मास्तर म्हणाले. “परत जाताना आजोबांची गोष्ट पहिल्यापासून सांग.”